एचआरव्ही हिरवा, पण फ्लाइंग १० मंद: स्प्रिंटरची रिकव्हरी नेमकी कशावर जोखायची?

ट्रॅक_कोच_२०० (प्रश्न)

नमस्कार. १०० आणि २०० मीटर धावणाऱ्या ८ जणांच्या गटासाठी रिकव्हरीच्या नोंदीची पद्धत बसवायची आहे. सगळे १८ वर्षांपुढचे, मुलं-मुली दोन्ही. आठवडा साधारण असा: सोमवारी ॲक्सिलरेशन आणि त्यानंतर वेट्स (स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट, नॉर्डिक), बुधवारी मॅक्स व्हेलॉसिटी (पूर्ण वेग), शनिवारी स्पीड एन्ड्युरन्स (वेग टिकवण्याचा सराव). मधल्या दिवशी हलका टेम्पो (मध्यम वेगाचं धावणं) किंवा सुट्टी.

हाताशी छातीचे पट्टे आहेत, त्यावर सकाळी एचआरव्ही (हृदयाच्या ठोक्यांमधल्या वेळेची घटबढ) घेतो. शिवाय एक जंप मॅट आणि टायमिंग गेटच्या दोन जोड्या.

अडचण अशी की बुधवारी सकाळी ॲप बहुतेकांना हिरवा रंग दाखवतं आणि संध्याकाळी फ्लाइंग १० मध्ये (धाव घेऊन वेगात आल्यावर मोजलेले १० मीटर) दोघं-तिघं ०.०२ ते ०.०३ सेकंदांनी मंद येतात. कधी उलटही होतं, आकडा लाल आणि धावणं एकदम मोकळं. मग सकाळच्या आकड्यावर सराव कमी करायचा की नाही? स्प्रिंटरसाठी कुठली चाचणी खरोखर कामाची, आणि किती घसरण झाली म्हणजे ती खरी घसरण मानायची? रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) किंवा लॅक्टेट (कठीण सरावात वाढणारा घटक) तपासून काही हाती लागतं का?

---

स्पाइक_आणि_स्टॉपवॉच

एचआरव्ही आणि फ्लाइंग १० जुळत नाहीत यात यंत्राचा दोष नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. सकाळचा आरएमएसएसडी (एचआरव्हीचा नेहमीचा आकडा) सांगतो की पॅरासिम्पथेटिक, म्हणजे शरीर शांत करणाऱ्या, नसांचा हृदयावरचा ताबा किती परत आला आहे. झोप, ताप, दारू, प्रवास, उकाडा, मनावरचा ताण हे त्यात चटकन उमटतं. स्प्रिंटच्या सरावात प्रत्यक्ष धावणं मिनिटभराचंही नसतं, बाकी सगळी विश्रांती. हृदयाच्या अंगाने तो भार लहान असतो आणि आकडा बहुधा २४ ते ४८ तासांत जागेवर येतो. स्नायूंचं तसं नाही.

पूर्ण वेगाच्या धावण्यानंतर आणि विशेषतः इक्सेन्ट्रिक (स्नायू लांबत असताना भार घेणाऱ्या) व्यायामानंतर स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सुटण्याची क्रिया मंदावते. मग कमी वारंवारतेच्या संदेशाला स्नायू पूर्वीइतकं बळ देत नाही. हा थकवा दोन-तीन दिवस रेंगाळू शकतो. ट्रॅकवर याला सर्रास 'नर्व्हस सिस्टीम थकली' म्हणतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उरलेला बराचसा थकवा स्नायूतच असतो. छातीच्या पट्ट्याला तो दिसणार कसा?

तुमच्या बाबतीत मी आधी सोमवारच्या वेट्सकडे बघेन. रोमानियन डेडलिफ्ट आणि नॉर्डिक दोन्ही हॅमस्ट्रिंगला (मांडीच्या मागच्या स्नायूंना) लांब करत भार देतात. त्याची दुखण साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला जाते, म्हणजे नेमकी बुधवारी. हे दोन व्यायाम बुधवारच्या धावण्यानंतर त्याच दिवशी घ्या. पुढच्या कठीण दिवसापर्यंत तीन दिवस मिळतात. सोमवारी स्क्वॉट ठेवा, पण सेट कमी. एवढ्यानेच बुधवारच्या वेळा सुधारल्या तर अर्धा प्रश्न तिथेच मिटला.

आता चाचणी. जंप मॅटवर काउंटरमूव्हमेंट जंप (उभ्यानेच झटकन खाली बसून मारलेली उडी) सगळेच घेतात. ती वाईट नाही, पण नुसती उंची थकवा लपवते. थकलेला खेळाडू जरा खोल बसतो, जमिनीवर जास्त वेळ घेतो आणि तीच उंची गाठतो. धावताना हे जमत नाही, कारण टॉप स्पीडला पाय जमिनीवर जेमतेम ०.१० सेकंद असतो. म्हणून स्प्रिंटरसाठी मला ३० सेंटिमीटरच्या खोक्यावरून ड्रॉप जंप (खाली पडून लगेच वर उडी) जास्त पटते. उंची मीटरमध्ये घ्या, तिला जमिनीवरच्या वेळेने भागा, आलेला आकडा म्हणजे आरएसआय (रिॲक्टिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स). उदाहरण पाहा: ताज्या दिवशी ०.३६ मीटर आणि ०.१८० सेकंद, आरएसआय २.००. थकलेल्या दिवशी ०.३५ मीटर आणि ०.२०० सेकंद, आरएसआय १.७५. उंची ३ टक्क्यांच्या आतच घसरली, आरएसआय मात्र १२.५ टक्के. उंचीच लिहिली असती तर काही झालंच नाही असं वाटलं असतं.

उडीची शिस्त काटेकोर हवी. हात कमरेवर. खोक्यावरून उडी मारायची नाही, एक पाय पुढे टाकून खाली पडायचं. सूचना दर वेळी तीच: 'जमीन तापली आहे, लगेच वर.' उतरताना गुडघे वाकवले की हवेतला वेळ खोटा वाढतो. मॅट उंची काढतं ती हवेतल्या वेळेच्या वर्गाला ९.८१ ने गुणून ८ ने भागून. ०.५६ सेकंदांना ३८.५ सेंटिमीटर, ०.५७ ला ३९.८. फक्त ०.०१ सेकंद, आणि फरक जवळजवळ दीड सेंटिमीटर. गुडघे वाकवून उतरणारा तेवढं सहज मिळवतो. ३ उड्या, मध्ये ३० सेकंद, आणि तिन्हींची सरासरी लिहा. सर्वोत्तम उडी लिहू नका. थकलेला खेळाडूही एखादी उडी जोर लावून मारतो, सरासरी थकवा जास्त चांगला पकडते.

हे सगळं वॉर्म-अपनंतर. सकाळी अंथरुणातून उठून मारलेल्या उडीवर संध्याकाळचा सराव ठरवू नका.

माझा क्रम असा: सकाळी चार ओळींची प्रश्नावली (झोप, थकवा, स्नायूंची दुखण, ताण, प्रत्येकी १ ते ७). ट्रॅकवर नेहमीचा वॉर्म-अप, मग ३ ड्रॉप जंप, मग पहिल्या दोन फ्लाइंग. निर्णय तिथे. प्रश्नावलीला कमी लेखू नका. २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यात खेळाडूने स्वतः सांगितलेल्या खुणा भार वाढल्या-घटल्याची नोंद यंत्रांच्या आकड्यांपेक्षा जास्त सातत्याने घेतात असं दिसलं. अट एकच, उत्तरं संघनिवडीसाठी वापरायची नाहीत. नाहीतर सगळे रोज ताजेतवाने.

एचआरव्ही फेकून देऊ नका. एका सकाळचा आकडा सोडा, ७ दिवसांची फिरती सरासरी बघा. ती सलग खाली जात असेल, विश्रांतीतली नाडी नेहमीपेक्षा ५ हून जास्त ठोके वर असेल आणि घसा खवखवत असेल, तर त्या दिवशी वेगाचं काम नाही. आजार लवकर पकडायला हे साधन उत्तम. मुलींच्या बाबतीत पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात नाडी काही ठोके वर आणि एचआरव्ही खाली जाणं नैसर्गिक आहे. त्यामुळे तुलना मागच्या चक्रातल्या त्याच दिवसांशी करा.

लॅक्टेट कठीण सरावानंतरही तासाभरात जवळजवळ मूळ पातळीवर येतं, दुसऱ्या दिवशी मोजण्यात काही अर्थ नाही. सीकेची पातळी माणसामाणसात प्रचंड वेगळी आणि ती चढते एक ते तीन दिवसांनी. रोजच्या निर्णयाला बिनकामाची.

---

गेट_नंबर_दोन

वर उडीबद्दल सगळं आलं. मी फक्त घड्याळाचं सांगतो, कारण ०.०२ सेकंद हा आकडाच संशयास्पद असू शकतो.

१० मीटर १.०० सेकंदात म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगात १० सेंटिमीटर अंतर ०.०१ सेकंदात जातं. गेट एकाच किरणाचं असेल तर एकदा हाताने किरण तुटतो, एकदा छातीने. तेवढ्यानेच ०.०१ ते ०.०२ इकडे-तिकडे. दोन किरणांची गेट असतील तर ही चूक बरीच कमी होते. नसतील तर गेट कमरेच्या उंचीवर बसवा, तिथे हात कमी आडवे येतात. दोन्ही खांबांची उंची सारखी हवी. ट्रॅकवर खुणा करून ठेवा, दर वेळी टेपने नवं अंतर मोजलं की तिथेही चूक शिरते.

दुसरा उपाय म्हणजे महिन्यातून काही वेळा १० ऐवजी फ्लाइंग २० घेणं. चूक तेवढीच राहते, पण ती २.०० सेकंदांवर पसरते, म्हणजे टक्केवारीत निम्मी. त्याची किंमतही आहे: पूर्ण वेगातलं अंतर दुप्पट होतं. म्हणून मी फ्लाइंग १० च्या दोन धावांची सरासरी पसंत करतो. धाव घेण्याचं अंतर ३० मीटर पक्कं ठेवा. एकदा २५ आणि एकदा ३० असं चालणार नाही.

आणि वारा. पाठीमागून २ मीटर प्रति सेकंद वारा असला तर १०० मीटरला साधारण ०.१० सेकंद मिळतात, समोरून तेवढाच असला तर त्याहून थोडं जास्त जातं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरक २ टक्क्यांच्या घरात. फ्लाइंग १० मध्ये तोच ०.०२ सेकंद, म्हणजे तुमच्या तक्रारीएवढाच! वारामापक नसेल तर एक धाव या दिशेने, एक उलट दिशेने घ्या आणि सरासरी काढा. पूर्ण भरपाई होत नाही, तरी आकडा वापरण्याजोगा होतो. स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) की फ्लॅट्स (साधे बूट), ट्रॅक ओला की कोरडा, तापमान, हे प्रत्येक ओळीत लिहा. गार हवेत मंद वेळ आली तर तो थकवा नव्हे.

---

मैदानी_फिजिओ

एक गोष्ट कोणी बोललं नाही. उडी चांगली आणि हॅमस्ट्रिंग कमजोर, असं एकाच वेळी असू शकतं. उभ्या उडीत मांडीचा पुढचा भाग, नितंब आणि पोटरी जास्त काम करतात. हॅमस्ट्रिंगची खरी परीक्षा पाय पुढे फेकून जमिनीकडे ओढताना होते, आणि इजाही तिथेच होते. म्हणून वेगाच्या दिवशी वॉर्म-अपनंतर ही एक चाचणी जोडा, रक्तदाबाचा हाताने फुगवायचा पट्टा पुरे.

खेळाडू पाठीवर झोपतो, नितंब आणि गुडघा ९० अंशांत, टाच खोक्यावर. टाचेखाली पट्टा, सुरुवातीला २० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगवलेला. टाच सरळ खाली ३ ते ५ सेकंद दाबायची. कंबर उचलायची नाही, हात छातीवर. प्रत्येक पायाचे तीन प्रयत्न, आधी दोन हलके सरावाचे. काटा कुठे स्थिरावतो ते लिहा. क्षणभर उसळलेला आकडा धरू नका. पट्टा घसरतो म्हणून खाली रबरी मॅट घाला. दणकट पायांच्या खेळाडूंत काटा टोकाला जातो. तसं झालं तर तो आकडा निरुपयोगी, अशांसाठी डायनॅमोमीटर (जोर मोजायचं यंत्र) लागेल.

स्वतःच्या ताज्या दिवसाच्या तुलनेत १० टक्क्यांहून जास्त घट, किंवा दोन पायांत नव्याने पडलेली तफावत, यांपैकी काही दिसलं तर मी त्या दिवशी ९० टक्क्यांवरचं धावणं थांबवतो. तफावत जुनीच असेल तर घाबरायचं कारण नाही.

दुखण्याबद्दल: दोन्ही मांड्यांत पसरलेली, दाबल्यावर सगळीकडे सारखी वाटणारी दुखण सरावाची असते. वॉर्म-अपने ती सैल होते. बोट ठेवून दाखवता येईल अशी एका जागेची कळ, ती वॉर्म-अपमध्ये वाढत असेल किंवा पाय लांब टाकताना टोचत असेल, तर आकडे कितीही छान असोत, वेगाचं काम बंद. इथे तडजोड नको.

आठवड्यात ९५ टक्क्यांवर किती मीटर धावले ते मोजत राहा. दोन आठवडे वेगाचं काम बंद ठेवून एकदम पहिल्यासारखे मीटर टाकणं हे सततच्या सरावापेक्षा जास्त धोक्याचं.

---

आकडेमोड

किती घसरण खरी, याचं उत्तर तुमच्याच वहीत आहे. दुसऱ्या गटाचे टक्के उचलू नका.

हलक्या आठवड्यात, जवळच्या दोन ताज्या दिवशी तीच चाचणी घ्या. फरक लिहा. अशा काही जोड्या जमवा. समजा एका खेळाडूच्या उडीचे फरक सेंटिमीटरमध्ये असे: +०.८, −१.१, +०.४, −०.६, +१.३, −०.८. यांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ०.९७. त्याला १.४१ ने भागलं की ०.६९ सेंटिमीटर. ही त्याची नेहमीची घटबढ: चाचणीची चूक आणि दिवसादिवसाचा स्वाभाविक फरक, दोन्ही धरून. ४० सेंटिमीटरच्या उडीवर १.७ टक्के. सहा जोड्यांवर हा आकडा स्वतःच डळमळीत असतो, म्हणून आठही जणांचे फरक टक्क्यांत एकत्र करून गटाचा एक आकडा काढला तर जास्त भरवशाचा.

आता सीमा. ताज्या दिवसांच्या सरासरीपेक्षा घटबढीच्या एकपट खाली गेल्यावर इशारा दिलात तर पूर्ण ताजा खेळाडूही सुमारे सहा वेळांत एकदा अडकेल. ८ जण, आठवड्याला ३ चाचण्या, म्हणजे २४ पैकी ४ खोटे इशारे. सीमा दीडपटीवर नेली तर खोटे इशारे एक-दोनवर येतात. मी दीडपट ठेवतो. वरच्या उदाहरणात साधारण १ सेंटिमीटर. आरएसआयची घटबढ उंचीपेक्षा जास्त असते, तिची सीमा वेगळी काढा.

चाचण्या वाढवण्याचा मोह टाळा. प्रत्येकी ५ टक्के खोट्या इशाऱ्याच्या पाच स्वतंत्र चाचण्या असतील तर कुठली तरी एक लाल होण्याची शक्यता जवळजवळ २३ टक्के. म्हणून एकट्या लाल आकड्यावर सराव रद्द करू नये. दोन वेगळ्या जातीच्या खुणा एकाच दिशेला हव्यात, जसं आरएसआय आणि प्रश्नावली, किंवा आरएसआय आणि फ्लाइंगची वेळ. फिजिओंची एका जागेची कळ हा अपवाद, ती एकटीच पुरे.

तुलनेची सरासरी फिरती ठेवलीत तर एक खड्डा आहे. खेळाडू तीन आठवडे हळूहळू थकत गेला की फिरती सरासरीही त्याच्यासोबत खाली सरकते आणि इशारा कधीच येत नाही. म्हणून हलक्या आठवड्यातला ताजा आकडा वेगळ्या रकान्यात कायम ठेवा आणि तो पुढच्या हलक्या आठवड्यातच बदला.

कामगिरीशी नातं तपासायचं तर प्रत्येक खेळाडूचा वेगळा आलेख काढा: आडव्या अक्षावर त्या दिवशीचा आरएसआय, उभ्या अक्षावर त्याच दिवशीची फ्लाइंगची वेळ. आठही जणांचे बिंदू एकत्र टाकू नका. वेगवान खेळाडू बहुधा उंच उड्या मारतो, त्यामुळे एकत्र आलेखात सुंदर नातं दिसतं. पण ते 'कोण वेगवान आहे' याचं असतं, 'आज कोण ताजा आहे' याचं नाही. पंधरा-वीस सत्रांनंतरही एखाद्याच्या आलेखात काहीच उतार दिसला नाही तर त्याच्यासाठी ती चाचणी बंद करा.

---

ट्रॅक_कोच_२००

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅटवर जमिनीवरचा वेळ दिसतो, त्यामुळे ड्रॉप जंप लगेच सुरू करता येईल. नॉर्डिक आणि डेडलिफ्ट बुधवारी हलवतो. तीन शंका. दोन खुणा लाल आल्या तर नेमकं काय कापायचं? शनिवारच्या ३ × १५० मीटरलाही हाच नियम का? आणि सत्राचा भार म्हणून दमणुकीचा आकडा गुणिले मिनिटं लिहितो, ते चालू ठेवू का? सरावानंतर थंड पाण्यात बसवण्याचाही आग्रह होतो आहे.

---

स्पाइक_आणि_स्टॉपवॉच

बुधवारसाठी: दोन लाल असतील तर फ्लाइंग बंद, त्याऐवजी ७० टक्क्यांच्या आसपास टेम्पो, आणि वेगाचा दिवस २४ तास पुढे. एकच लाल असेल तर धावू द्या, पण धावांची संख्या निम्मी. वेग मात्र कमी करायला सांगू नका. '९० टक्क्यांनी धाव' ही सूचना टॉप स्पीडच्या दिवशी काहीच साधत नाही, त्यापेक्षा दोन चांगल्या धावा बऱ्या. सगळं हिरवं असलं तरी त्या दिवसाच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा २ टक्के मंद अशा दोन धावा लागोपाठ आल्या की थांबवा. तोवर विश्रांती पुरी दिली आहे ना हे बघा, दर १० मीटरला एक मिनिट, आणि धाव घेण्याचं अंतरही त्यात मोजा. ४० मीटरच्या धावेला दीड मिनिट दिलंत तर फॉस्फोक्रिएटिन (स्नायूतला झटपट ऊर्जेचा साठा) पूर्ण भरलेलंच नसतं. ती घसरण कालच्या थकव्याची नाही, आजच्या घाईची.

डोळ्यांनाही काम द्या. बाजूने २४० फ्रेमवर चित्रण घ्या, एक फ्रेम म्हणजे सुमारे ०.००४ सेकंद. ०.१० सेकंदांचा स्पर्श २४ फ्रेम भरतो. तो २७-२८ वर गेला, नितंब खाली बसले, मागचा पाय शरीरामागे रेंगाळू लागला, तर गेटच्या आकड्याआधीच कळतं.

शनिवारच्या १५० ला नियम थोडा सैल ठेवा. तिथे एचआरव्हीला जास्त वजन आहे, कारण स्नायूंत आम्ल साठवणाऱ्या अशा सरावाचा भार त्यात उमटतो. पहिला १५० नेहमीपेक्षा ३ टक्क्यांहून मंद आला तर तिसरा काढून टाका. विश्रांती १२ ते १५ मिनिटं.

दमणूक गुणिले मिनिटं हे गणित स्प्रिंटला फसवतं. तेच काम करून विश्रांती अर्ध्या तासाने वाढवलीत तर भार कागदावर वाढतो, एकही मीटर जास्त न धावता. दमणुकीचा आकडा लिहा, मिनिटांनी गुणू नका, शेजारी वेगाचे मीटर आणि उड्यांची संख्या लिहा.

थंड पाणी: १० ते १५ अंश सेल्सिअस, १० ते १५ मिनिटं. दुखण कमी होते. स्पर्धेत दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायचं असेल तर उपयोगी. वेट्सनंतर नेहमी केलंत तर स्नायूंची वाढ मंदावते. आणि धावण्याच्या आधी कधीच नाही, गार स्नायू जोर देत नाही.

स्पर्धेपूर्वीच्या दोन आठवड्यांत मीटर ४० ते ६० टक्क्यांनी कमी करा, वेग तोच. तेव्हा आरएसआय ताज्या आकड्याकडे चढायला हवा. भाराच्या आठवड्यात तो खाली असणं ठरलेलंच आहे, तेव्हा रोज हिरवा दिसावा म्हणून भार कमी करत बसू नका.

---

आकडेमोड

एक भर. लाल दिवशी धावणं कापलं की त्या दिवसाची फ्लाइंगची वेळच नोंदीत येत नाही. आलेखात फक्त चांगले दिवस उरतात आणि 'आरएसआयचा वेळेशी संबंध नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून हॅमस्ट्रिंगची चाचणी नीट असेल आणि कुठे कळ नसेल, तर लाल दिवशीही टेम्पोआधी एक फ्लाइंग १० घ्या. हॅमस्ट्रिंगच लाल असेल तर तीही नको, तो रकाना मोकळा न सोडता 'कापले' असं लिहा आणि कारण शेजारी.